डोव्हरचा खटला आणि एका पाठ्यपुस्तकाची पाठचिकित्सा

शाळेत उत्क्रांतिवाद शिकवावा की नाही, हा वाद अमेरिकेच्या न्यायालयांत १९२५ पासून चालत आला आहे. त्या वर्षी टेनेसी राज्यातील डेटन या गावी जॉन स्कोप्स या शिक्षकाला तो शिकविल्याबद्दल १०० डॉलर दंड झाला. तो खटला सर्वश्रुत आहे. पेन्सिल्व्हेनियातील डोव्हरचा २००५ चा खटला मात्र भाषाभ्यासकाला अधिक उद्बोधक वाटावा असा आहे. कारण तेथील पुराव्यात एका पुस्तकाच्या जुन्या खर्ड्यांना मोठे महत्त्व आले.

२००४ च्या अखेरीस डोव्हरच्या शिक्षण मंडळाने नववीच्या जीवशास्त्राच्या वर्गात एक निवेदन वाचण्याचे ठरविले. डार्विनचे मत ही 'थिअरी' आहे, वस्तुस्थिती नव्हे. 'बुद्धिपुरस्सर रचना' हा दुसरा पक्षही आहे व त्यासाठी 'ऑफ पांडाज अँड पीपल' हे पुस्तक पाहावे, असा त्याचा आशय होता. इंग्रजी बोलभाषेत 'थिअरी' म्हणजे नुसता तर्क. मराठीतील 'सिद्धान्त' नेमका उलट अर्थ देतो. निवेदनातील खोच या अर्थभेदात आहे. शिक्षकांनी ते वाचण्यास नकार दिला, तेव्हा जानेवारी २००५ मध्ये प्रशासकांनी ते वाचले. अकरा पालक न्यायालयात गेले. हा श्रद्धा विरुद्ध अश्रद्धा असा सामना मात्र नव्हता. पालकांच्या बाजूचे प्रमुख शास्त्रज्ञ साक्षीदार केनेथ मिलर हे स्वत: श्रद्धावान कॅथलिक होते.

'बुद्धिपुरस्सर रचना' ही धार्मिक कल्पना नव्हे, असा मंडळाचा दावा होता. पुस्तकाचे पूर्वीचे खर्डे न्यायालयापुढे आले, तेव्हा तो दावा टिकेना. सृष्टीतील जीव आपापल्या अवयवांसह एकाएकी, बुद्धिमान कर्त्याकडून उत्पन्न झाले, ही 'निर्मिती'ची व्याख्या पुढील खर्ड्यात तशीच होती. फक्त 'निर्मिती'च्या जागी 'बुद्धिपुरस्सर रचना' आली होती. असे बदल सुमारे १५० ठिकाणी होते. त्यांचा काळही बोलका आहे. 'निर्मितिविज्ञान' शिकविण्याची सक्ती करणारा लुइझियानाचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने जून १९८७ मध्ये घटनाबाह्य ठरविला, आणि त्यानंतरच्या खर्ड्यात शब्द पालटले. एके ठिकाणी तर 'क्रिएशनिस्ट्स' हा शब्द पुरता पुसलाच गेला नाही. त्याचे पहिले अक्षर व शेवटचा प्रत्यय राहून मधे 'डिझाइन प्रोपोनन्ट्स' शिरले, आणि 'सीडिझाइन प्रोपोनन्ट्सिस्ट्स' असा कोणत्याही भाषेत नसलेला शब्द जन्मास आला. पुण्यात भांडारकर संस्थेत महाभारताच्या पोथ्या ताडून पाहणाऱ्या पंडितांना अशी लेखनिकाची चूक पाहताच पाठाची वंशावळ उमगली असती.

न्यायमूर्ती जॉन जोन्स यांनी २० डिसेंबर २००५ रोजी दिलेल्या १३९ पृष्ठांच्या निर्णयात या शब्दबदलांची सविस्तर नोंद घेतली आणि मंडळाचे धोरण घटनाविरोधी ठरविले. तत्पूर्वीच नोव्हेंबरच्या निवडणुकीत त्या धोरणाचे समर्थक सभासद पराभूत झाले होते. नव्या मंडळाने अपील केले नाही. त्यामुळे हा प्रश्न वरिष्ठ न्यायालयापुढे गेला नाही, आणि निर्णयाचे बंधन त्या जिल्हा न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रापुरतेच राहिले.