बुडबुड्याच्या मागे, आष्ट्याच्या रस्त्याने

चपला घट्ट करा, शंभरेक वर्षं मागे जायचंय. भारतीय सर्वेक्षण विभागाची उंची मोजणारी टोळी मी आज सांगलीजवळच्या आष्ट्याच्या रस्त्याने वळवली आहे. एवढी सूट द्या. तुम्ही तिच्यातले खलाशी, म्हणजे पट्टी धरणारे मदतनीस. हातात दहा फुटी पट्टी, पायांखाली तापलेला फुफाटा, नाकात गुऱ्हाळाच्या काहिलीतला गोड धूर.

पुढे साहेब दुर्बिणीला डोळा लावून वाकलेत. एकाने छत्री धरली आहे, पण साहेबांवर नव्हे, यंत्रावर! ऊन लागलं की यंत्र समतल आहे का ते दाखवणारा नळीतला बुडबुडा सरकतो. मागची पट्टी वाचली, पुढची वाचली, आकडे वहीत गेले. मग दुसरे साहेब दुसऱ्या यंत्राने तेच पुन्हा वाचणार. तोवर हलायचं नाही. मानेवर माशी बसली तरी.

बैलगाड्या थांबतात, पोरं कोंडाळं करतात. "काय वो, रेल्वे येणार व्हय हितनं?"
"न्हाई, गावाची उंची मोजतोय. समुद्रापास्नं."
"समुद्र घाटाखाली ऱ्हायला की! आमी वरच हाय, त्यात मोजायचं काय?"

दुपारी हवा थरथरते, पट्टीवरचे आकडे नाचतात, काम बंद. लिंबाखाली बसा, खर्डा-भाकरी सोडा. ही उंची तुमच्यासारख्यांच्या खांद्यांवरून टप्प्याटप्प्याने घाट चढून आली आहे. १९०९ मध्ये तिचा पाया ठरला तो नऊ बंदरांतल्या भरती-ओहोटीच्या नोंदींवर; मुंबई, कारवार त्यांतलीच.

आता हळूच आजचं उपग्रह-यंत्र काढा. उंची क्षणात येईल, पण समुद्रापासूनची नव्हे. एका गुळगुळीत, गणिती लंबगोलापासूनची. पृथ्वीच्या पोटात वस्तुमान सारखं वाटलेलं नाही, त्यामुळे खरी समुद्रपातळी कुठे वर, कुठे खाली. आपल्याकडे ती त्या लंबगोलाच्या साठ मीटरांहून जास्त खाली आहे, श्रीलंकेच्या दक्षिणेला शंभराहून. आष्टा त्या साठेक मीटरांनी बुटकं दिसणार! ठिकठिकाणचं गुरुत्व मोजून या पातळीचा, म्हणजे जिऑइडचा, नकाशा केला की मगच हिशेब जुळतो. बुडबुड्याला हे शिकवावं लागत नाही. गुरुत्व ओढेल तसा तो बसतो, आणि कृष्णेचं पाणीही त्याच ओढीने वाहतं.

उठा, ऊन उतरलं, साहेबांनी हाक दिली. तुमची पट्टी पुढची आहे, ओळंब्यात धरा. तिरकी झाली तर आकडा वाढेल, आष्टा कागदावर उगाच खाली बसेल, आणि पुराची रेषा आखणारा नसलेलं पाणी लोकांच्या घरात घालेल.