पितळी इंजिन आणि आपली छोटी लाइन

ग्वाल्हेरला पाहुणा आला की जयविलास महालातली चांदीची आगगाडी बघितल्याशिवाय परत जात नाही. जेवणाच्या टेबलावर रूळ, त्यावर विजेवर फिरणारी गाडी. सुरई उचलली की गाडी थांबायची, परत ठेवली की चालू. माधवराव महाराजांनी ती इंग्लंडात नॉर्थहॅम्प्टनच्या बॅसेट-लोक कंपनीकडून करवून घेतली. ती आज संग्रहालयात जपून ठेवली आहे, उत्तमच.

पण त्याच महाराजांनी रयतेसाठी खरी छोटी लाइनही घातली, रुंदी फक्त २ फूट. १८९९ साली भिंड आणि शिवपुरीकडे गाड्या सुरू झाल्या, १९०९ पर्यंत श्योपुर गाठलं. १९५१ मध्ये ती मध्य रेल्वेत गेली. बामोर, जौरा, कैलारस, सबलगढ करत सुमारे २०० किलोमीटरला सगळा दिवस जायचा. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत गाडी थांबली ती थांबलीच. आता तिथं ब्रॉडगेज होतेय. व्हायलाच पाहिजे, तक्रार नाही. पण टेबलावरची गाडी शिल्लक आणि माणसं वाहणारी गेली, हे मनाला लागतं.

इंग्लंडातही अशा कितीतरी लहान लाइनी बंद पडल्या. तिथल्या हौशी लोकांनी त्या वेगळ्याच रीतीनं जपल्या, पितळी पत्र्याची इंजिनं जोडून. पूर्वी पत्रा बारीक करवतीनं हातानं कापावा लागे. १९७० च्या दशकापासून रसायनानं कोरलेल्या पत्र्यांचे तयार संच मिळू लागले.

कृती अशी. अर्ध्या मिलिमीटरहून पातळ पितळी पत्र्याला दोन्ही बाजूंनी प्रकाशाला संवेदनशील लेप देतात. त्यावर नकाशाची फिल्म ठेवून अतिनील प्रकाश टाकतात, नको तो लेप धुऊन काढतात आणि मग फेरिक क्लोराइडचा फवारा. दोन्हीकडून उघडा असलेला भाग आरपार खाल्ला जातो. एकाच बाजूनं उघडा असेल तिथं निम्मी खोली. त्या निम्म्या खोलीच्या रेघेवर पत्रा काटकोनात सरळ दुमडतो. मागच्या निम्म्या खोलीच्या ठिपक्यांवर बोथट टोक दाबलं की पुढून रिव्हेट उठतो.

मग डाख द्यायचा. इथं आपल्याला ओळखीचं वाटेल. आपल्या वाड्यांत कल्हईवाला नवसागर मारून भांड्यात कथील फिरवायचा, तसंच इथं फ्लक्स लावून, पत्र्याला आधी पातळ कल्हई करून तुकडे जोडतात. जास्त उष्णतेला वितळणारा डाख आधी, कमीचा नंतर, नाहीतर पहिला सांधा सुटतो. धुराडं, घुमट असे ओतीव भाग मऊ धातूचे, त्यांना साधारण ७० अंशांना वितळणारा डाख. शेवटी फ्लक्स धुऊन काढायचा, नाहीतर पितळ हिरवं पडतं. चाकांची मध्यांतरं आणि जोडदांड्यांची भोकं केसभर चुकली तरी इंजिन अडखळतं.

पण खरी मेख पितळात नाही, नकाशात आहे. ब्रिटिश ओ गेजच्या प्रमाणात १ फुटाला ७ मिलिमीटर धरतात. म्हणजे आपली २ फुटांची लाइन होते १४ मिलिमीटर. बडोदेकरांची डभोईची लाइन अडीच फुटांची (१८६२ साली मियागामपर्यंत तिथं बैल गाडी ओढत), ती होते साडेसतरा. हिशोब सोपा आहे, पण चाकाचा व्यास, दोन चाकांतलं अंतर, टाकीची उंची, रिव्हेटच्या ओळी हे मूळ आकडे कोणीतरी लिहून ठेवलेले असले तरच. तिकडे कारखान्यांचे नकाशे आणि हौशी लोकांच्या मापवह्या जपल्या, म्हणून इंजिन भंगारात गेल्यावरही पन्नास वर्षांनी कोणी ते जोडू शकतो. मी आयुष्य बँकेत काढलं, व्हाउचरशिवाय नोंद नाही हे अंगात मुरलंय. आठवण गोड असते, पण तिच्यावरून इंजिन बनत नाही.

म्हणून विनंती. ज्यांचे आजोबा, काका छोट्या लाइनीवर गार्ड, फिटर, स्टेशन मास्तर होते, त्यांनी माळ्यावरच्या ट्रंका उघडाव्यात. जुना नकाशा, कामाची वही, फोटो मिळाला तर रद्दीत घालू नका. मागे पेन्सिलीनं स्थळ, साल, माणसांची नावं लिहा नि स्कॅन करून घ्या. कुठं जुनं इंजिन किंवा डबा प्रदर्शनात उभा असेल तर नातवंडांना घेऊन जा. बरोब्बर बाजूनं फोटो काढा, शेजारी मोजपट्टी धरा, परवानगी घेऊन मापं लिहून आणा. एका सकाळचं काम आहे.

चांदीची गाडी राजानं करवली नि राजवाड्यानं सांभाळली. छोटी लाइन आपल्या सगळ्यांची होती, तिची मापं आपणच सांभाळायची. कोणाकडे काही असेल तर खाली जरूर लिहा.