हरभऱ्याची आंब आणि सफरचंदाचा शिरका : जुन्नर-आंबेगाव परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

बीजसंज्ञा : आंब, चणकाम्ल, शिरका, हरभरा, लोकवैद्यक, जुन्नर, आंबेगाव.

प्रस्तावना

पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातील जुन्नर व आंबेगाव या दोन तालुक्यांची भौगोलिक रचना सारखीच आहे. पश्चिमेस सह्याद्रीच्या रांगा व भरपूर पावसाचा आदिवासी पट्टा, तर पूर्वेस कुकडी, मीना व घोड या नद्यांच्या खोऱ्यांतील शेतजमीन. पश्चिमेच्या डोंगरांत हिरडा आणि पूर्वेच्या काळ्या जमिनीत रब्बीचा हरभरा, अशी या प्रदेशाच्या औषधी संपत्तीची ढोबळ विभागणी करता येते. सफरचंद हे येथील फळ नव्हे. तथापि सफरचंदाचा शिरका मात्र अलीकडच्या काळात महाराष्ट्रातील शहरांबरोबरच निमशहरी बाजारपेठांतही पोहोचला आहे. पचन सुधारते, भूक नियंत्रित होते, मेद कमी होतो, रक्तातील साखर आटोक्यात राहते, असे त्याचे गुण सांगितले जातात.

यांपैकी पचनासंबंधीचे गुण दख्खनमध्ये पूर्वीपासून एका स्थानिक आंबट द्रव्याचे म्हणून सांगितले जात होते. ते द्रव्य म्हणजे हरभऱ्याची आंब. इंग्रज ग्रंथकारांनी तिला 'हरभऱ्याचे व्हिनेगर' असेच संबोधले. या नामसाम्यामुळे आंब व शिरका ही एकाच प्रकारची द्रव्ये आहेत, असा समज होणे स्वाभाविक आहे. हा समज कितपत खरा आहे, याची ऐतिहासिक व वैज्ञानिक अंगाने छाननी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. आंब या द्रव्याची संस्कृत, मराठी व इंग्रजी ज्ञानपरंपरांतील नोंद तपासणे.
२. आंब व सफरचंदाचा शिरका यांतील साम्य-भेद स्पष्ट करणे.
३. आंब बाजारपेठेबाहेर राहण्याची व तिचा वापर मागे पडण्याची कारणे शोधणे.

आंब : शब्द आणि कृती

'आंब' हा शब्द संस्कृत 'अम्ल' या शब्दाशी संबंधित आहे. आंबट, आंबणे, आंबील हे शब्द त्याच कुळातील होत. येथे एक भेद ध्यानी घेणे आवश्यक आहे. आंबील पीठ आंबवून करतात. शिरका फळांचा वा उसाचा रस आंबवून करतात. हरभऱ्याची आंब मात्र आंबवलेली नसते. हरभऱ्याची पाने, देठ व घाटे यांवर बारीक ग्रंथियुक्त लव असते आणि तीतून आंबट-खारट स्राव पाझरतो. पौष-माघाच्या थंडीत दव पडू लागले की हा स्राव दवात मिसळतो. पीक फुलोऱ्यात वा घाट्यावर असताना स्वच्छ पातळ कापड सायंकाळी झाडांवर पसरायचे किंवा पहाटे झाडांवरून फिरवायचे, दवाने भिजलेले कापड पिळून रस भांड्यात घ्यायचा, ही आंब गोळा करण्याची रूढ रीत होय. तेच कापड पुन:पुन्हा भिजवून सुकवून ठेवायचे आणि गरजेच्या वेळी पाण्यात बुडवून आंब काढायची, अशीही पद्धत होती.

हरभऱ्याच्या शेतातून अनवाणी चालणाऱ्याच्या पायांना झोंबते, हा शेतकऱ्याचा नित्याचा अनुभव या स्रावाची तीव्रता सांगतो. हरभऱ्याच्या कोवळ्या पानांची भाजी न धुता करण्याची चाल महाराष्ट्रात आहे. पाने धुतली तर आंब जाते व भाजीची चव जाते, हे त्यामागील कारण. म्हणजे ज्या घरात आंब औषध म्हणून राखली जात नसे, त्या घरातही ती अन्नातून पोटात जात होती.

संस्कृत वैद्यकातील चणकाम्ल

संस्कृत ग्रंथांत या द्रव्यास 'चणकाम्ल' असे नाव आहे. रसशास्त्रात धातूंच्या शोधनासाठी उपयोगात येणाऱ्या आंबट पदार्थांचा जो अम्लवर्ग सांगितला आहे, त्यात जंबीर, अम्लवेतस इत्यादींबरोबर चणकाम्लाची गणना होते. सोळाव्या शतकातील भावमिश्राच्या 'भावप्रकाश' या ग्रंथात त्याचे गुण दिले आहेत. ते अतिउष्ण, अग्नी प्रदीप्त करणारे, रुची आणणारे व किंचित खारट असून शूल, अजीर्ण व मलावरोध यांवर उपयुक्त आहे, असा त्याचा आशय आहे. याच ठिकाणी चणकाम्ल 'दंतहर्षण' म्हणजे दात आंबवणारे आहे, असेही म्हटले आहे. गुणाबरोबर दोषही नोंदवण्याची ही शिस्त महत्त्वाची आहे. तीव्र आम्लामुळे दातांचे कवच झिजते, हा सफरचंदाच्या शिरक्याबाबत आज दंतवैद्य देत असलेला इशारा या निरीक्षणाशी जुळणारा आहे.

आंबवून तयार केलेल्या आंबट द्रव्यांना वैद्यकात स्वतंत्र स्थान होते. शुक्त, कांजिक, सौवीरक ही त्यांची नावे. चणकाम्ल व शुक्त ही दोन द्रव्ये प्राचीनांनी वेगळी मानली होती, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने लक्षणीय आहे.

शिरका आणि 'व्हिनेगर' : दोन भाषांतरे

मलिक अहमद याने 1490 मध्ये बहमनी सत्तेपासून स्वतंत्र होऊन निजामशाहीची स्थापना केली, तेव्हा त्याच्या सत्तेचे केंद्र जुन्नर हे होते. दख्खनच्या सुलतानी राजवटींत फारसी भाषेबरोबर युनानी वैद्यकाचाही प्रसार झाला. मराठीतील 'शिरका' हा शब्द फारसी 'सिर्का' या शब्दावरून आलेला आहे. युनानी वैद्यकात शिरका व मध यांचे 'सिकंजबीन' प्रसिद्ध असून त्याचे मूळ ग्रीक वैद्यकातील अशाच मिश्रणापर्यंत जाते.

एकोणिसाव्या शतकात इंग्रजी राजवटीने या प्रदेशातील वनस्पतींची पद्धतशीर नोंद सुरू केली. डॉ. अलेक्झांडर गिब्सन हे 1838 मध्ये पुण्याजवळील दापोडीच्या सरकारी वनस्पती उद्यानाचे अधीक्षक झाले. जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ हिवरे येथे या उद्यानाची शाखा होती आणि तेथे सरकारी दवाखान्यांसाठी खुरासानी ओव्यासारख्या औषधी वनस्पतींची लागवड केली जात असे. युरोपातून येणाऱ्या महाग औषधांना येथेच पर्याय निर्माण करणे हा त्यामागील उद्देश होता. गिब्सन 1847 मध्ये मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झाले. डाल्झेल व गिब्सन यांचा 'बॉम्बे फ्लोरा' हा ग्रंथ 1861 मध्ये प्रसिद्ध झाला.

आंबेची इंग्रजीतील सविस्तर दखल त्यानंतरच्या पिढीने घेतली. विल्यम डायमॉक, वॉर्डन व हूपर यांचा 'फार्माकोग्राफिया इंडिका' आणि जॉर्ज वॉट यांचा भारतातील आर्थिक उत्पादनांचा कोश हे दोन्ही ग्रंथ 1889 ते 1893 या काळात प्रसिद्ध झाले. दोहोंत हरभऱ्याच्या आंबट दवाची माहिती आहे. आंबेतील आम्ल मुख्यत: ऑक्झॅलिक व मॅलिक असल्याचे रसायनतज्ज्ञांना ज्ञात झाले होते; तरीही 'व्हिनेगर' हे नाव चालूच राहिले. युरोपीय वाचकास परिचित अशा शब्दाने अपरिचित वस्तू समजावून देण्याची ही रीत होती. त्या रीतीने वस्तूची ओळख सोपी झाली, परंतु तिचे वेगळेपण झाकले गेले.

रासायनिक साम्य व भेद

सफरचंदाच्या रसातून मॅलिक आम्ल प्रथम वेगळे केले ते स्वीडिश रसायनतज्ज्ञ शीले यांनी 1785 मध्ये. त्याचे नावच सफरचंदाच्या लॅटिन नावावरून पडले. हेच आम्ल हरभऱ्याच्या पानावर असते. या अर्थाने आंब व सफरचंद यांचे नाते खरे आहे.

परंतु शिरका म्हणजे सफरचंदाचा रस नव्हे. रसातील साखरेचे किण्वामुळे मद्यार्कात आणि मद्यार्काचे जिवाणूंमुळे ॲसिटिक आम्लात रूपांतर होते, तेव्हा शिरका तयार होतो. यातील दुसऱ्या क्रियेमागे सूक्ष्मजीव असल्याचे लुई पाश्चर यांनी 1860 च्या दशकात सिद्ध केले. सफरचंदाच्या शिरक्यातील प्रमुख आम्ल ॲसिटिक असून त्याचे प्रमाण सामान्यत: 5 टक्क्यांच्या आसपास असते. आंबेत प्रमुख आम्ले मॅलिक व ऑक्झॅलिक ही होत. हैदराबादजवळील पाटणचेरू येथील इक्रिसॅट या संस्थेत झालेल्या संशोधनाने ही आम्ले घाटेअळीपासून पिकाचे संरक्षण करण्यास साहाय्यभूत ठरतात, असे दाखवले आहे. माणसाने औषध मानलेला हा स्राव वस्तुत: वनस्पतीचे स्वसंरक्षण आहे.

आरोग्यविषयक दाव्यांची छाननी

सफरचंदाच्या शिरक्याची आधुनिक कीर्ती अमेरिकेतील व्हरमाँट राज्याचे डॉ. डी. सी. जार्व्हिस यांच्या 1958 मधील लोकवैद्यकावरील पुस्तकाने वाढली. नियंत्रित चाचण्या त्यानंतर बऱ्याच काळाने झाल्या. 2004 मध्ये अमेरिकेत 29 व्यक्तींवर झालेल्या चाचणीत पिष्टमय जेवणापूर्वी शिरका घेतल्यास जेवणानंतरच्या साखरेवर व इन्सुलिनच्या कार्यावर अनुकूल परिणाम दिसला. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जपानी चाचणीत 12 आठवडे रोज 15 वा 30 मिलिलिटर शिरका घेणाऱ्या स्थूल व्यक्तींचे वजन सुमारे 1 ते 2 किलो कमी झाले. लेबनॉनमधील चाचणीवर आधारित व वजनात मोठी घट सांगणारा 2024 मधील शोधनिबंध जगभर गाजला. परंतु त्यातील आकडेवारी विश्वसनीय न ठरल्याने 2025 मध्ये तो मागे घेण्यात आला. थोडक्यात, शिरक्याचा मर्यादित परिणाम संभवतो. चमत्कार संभवत नाही.

दुष्परिणामही दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. दातांची झीज व अन्ननलिकेचा दाह यांखेरीज, मधुमेहामुळे जठराची हालचाल मंदावलेल्या रुग्णांत शिरक्याने ती आणखी मंदावते, असे 2007 च्या स्वीडिश अभ्यासात आढळले. इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत ही गोष्ट धोक्याची ठरू शकते.

वरील सर्व चाचण्या ॲसिटिक आम्लयुक्त शिरक्यावरील आहेत. त्यांचे निष्कर्ष आंबेला लावता येत नाहीत. उलट आंबेत ऑक्झॅलिक आम्ल असल्याने मूतखड्याचा विकार असलेल्यांच्या बाबतीत तिचा विचार वेगळा करावा लागतो, कारण बहुसंख्य मूतखडे कॅल्शियम ऑक्झॅलेटचे असतात. परंपरेत आंब थेंबाथेंबाने, पाण्यात मिसळून, पोटदुखी वा अजीर्ण यांसारख्या तात्कालिक तक्रारींवर दिली जात असे. रोज चमचाभर शिरका वर्षभर घेण्याची आधुनिक सवय आणि हा वापर यांत मूलभूत अंतर आहे.

आंब मागे का पडली?

याच परिसरातील हिरड्याशी तुलना केल्यास या प्रश्नाचे उत्तर मिळते. हिरडा वाळवता येतो, साठवता येतो, दूर पाठवता येतो. औषधाखेरीज कातडी कमावण्यासाठीही त्यास मागणी होती. त्यामुळे तो व्यापारी माल झाला आणि पुढे आदिवासी विकास महामंडळाच्या खरेदीचाही विषय बनला. आंब मात्र दवावर अवलंबून, अल्प प्रमाणात व थोडेच आठवडे मिळणारी. तिला व्यापारी लाभला नाही, म्हणून तिचे ज्ञान घरापुरते व तोंडी राहिले.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कुकडी प्रकल्पाच्या धरणांमुळे व कालव्यांमुळे या खोऱ्यांची पीकपद्धती बदलली. ऊस, कांदा, टोमॅटो व द्राक्षे ही नगदी पिके वाढली. घाटेअळीच्या नियंत्रणासाठी हरभऱ्यावर रासायनिक कीटकनाशके फवारली जाऊ लागली. ज्या पानावरचे दव औषध म्हणून टिपावयाचे, त्याच पानावर आता विषारी अंश असण्याची शक्यता निर्माण झाली. फवारलेल्या शेतातील आंब घेणे सर्वथा अयोग्य होय. दुकानातील शिरक्याच्या बाटलीवर निदान घटकांचा उल्लेख असतो. शेतातील दवाला ती सोय नाही.

निष्कर्ष

१. आंब व शिरका ही उत्पत्ती, घटक व वापर या तिन्ही दृष्टींनी भिन्न द्रव्ये आहेत. 'हरभऱ्याचे व्हिनेगर' हे नाव वसाहतकालीन भाषांतराची सोय होती.
२. संस्कृत परंपरेने चणकाम्ल व शुक्त यांत केलेला भेद आधुनिक रसायनशास्त्राशी सुसंगत आहे.
३. शिरक्यावरील चाचण्यांच्या आधारे आंबेचे गुण सिद्ध झाले असे म्हणणे, अथवा आंब प्राचीन म्हणून शिरकाही निर्धोक मानणे, या दोन्ही भूमिका अशास्त्रीय आहेत.
४. आंबेचा ऱ्हास हा तिच्या निरुपयोगीपणाचा पुरावा नसून बाजारपेठ, सिंचन व कीटकनाशके यांनी घडवलेल्या बदलाचा परिणाम आहे.

आंब टिपण्याची रीत जाणणारी पिढी वृद्ध होत चालली आहे. तिचे मौखिक ज्ञान इतिहास विभागाने नोंदवणे, न फवारलेल्या पिकावरील आंबेचे पृथक्करण रसायनशास्त्र विभागाने करणे आणि वाणांनुसार स्रावातील फरक वनस्पतिशास्त्र विभागाने तपासणे, हे काम ग्रामीण महाविद्यालयांच्या आवाक्यातील आहे. त्यासाठी मोठ्या प्रयोगशाळेपेक्षा माघातील पहाटे शेतावर जाण्याची तयारी अधिक लागेल. परदेशी बाटलीवरील दावे पारखून घेण्याची जी कसोटी, तीच आपल्या शेतातील दवालाही लावणे, हाच परंपरेचा खरा आदर होय.