गाळ श्वास घेतो

गाळप हंगाम सुरू झाला की आमच्या गावच्या नदीला वास सुटायचा. ‘मळीचं पाणी सोडलं वाटतं,’ म्हणत आजी खिडक्या लावून घ्यायची. मासे उलटे होऊन तरंगायचे. काठचा गाळ काळा पडायचा. नदी मेली, असंच मला वाटायचं.

पुढे मार्जरी स्टीफन्सन यांच्याबद्दल वाचलं आणि गंमत म्हणजे तिथेही साखर कारखानाच निघाला! इंग्लंडमधल्या ऊझ नदीत बीटपासून साखर करणाऱ्या कारखान्याचं सांडपाणी जात होतं. केंब्रिजच्या या बाईंनी त्याच नदीच्या गाळातले जिवाणू प्रयोगशाळेत आणले.

आपण अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन शेवटी ऑक्सिजनच्या हवाली करतो. श्वास घ्यायचा तो त्यासाठी. पण गाळात ऑक्सिजन नसतो. मग तिथले जिवाणू इलेक्ट्रॉन देतात कुणाला? कुणी नायट्रेटला, कुणी सल्फेटला. सल्फेटचा हायड्रोजन सल्फाइड होतो. सडक्या अंड्यांचा वास येतो तो याचाच. गाळातल्या लोहाशी त्याचा संयोग झाला की काळा रंग.

स्टीफन्सन आणि त्यांचे सहकारी लेनर्ड स्टिकलंड यांचा प्रयोग साधा होता. नळीत जिवाणू, मेथिलीन ब्लू हा निळा रंग आणि हायड्रोजन वायू. नुसत्या हायड्रोजननं निळा रंग ढिम्म हलत नाही, जिवाणू असले की उडतो. म्हणजे हायड्रोजनमधले इलेक्ट्रॉन मोकळे करणारं काहीतरी त्यांच्याकडे आहे. १९३१ मध्ये त्यांनी या एन्झाइमचं नाव ठेवलं हायड्रोजिनेज.

मला जास्त अस्वस्थ करते ती दुसरी गोष्ट. स्टीफन्सन यांना डॉक्टर व्हायचं होतं, पैसे नव्हते म्हणून त्या गृहविज्ञान शिकवत राहिल्या. पहिल्या महायुद्धात रेडक्रॉसमध्ये गेल्या. नंतर केंब्रिजमध्ये संशोधन करू लागल्या, तर कित्येक वर्षं दरवर्षी नव्यानं मिळणाऱ्या अनुदानावर काम. कंत्राटी नोकरी करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. रॉयल सोसायटीची स्थापना १६६० ची. तिनं बायकांना सदस्यत्व दिलं थेट १९४५ मध्ये. त्या पहिल्या दोघींत स्टीफन्सन होत्या, दुसऱ्या कॅथलीन लॉन्सडेल. तेव्हा स्टीफन्सन साठीच्या होत्या. तीन वर्षांनी त्या गेल्या.

आजीला हे सांगायचं राहून गेलं. साखरेवर तुटून पडलेले जिवाणू आधी पाण्यातला ऑक्सिजन संपवतात. मासे मरतात ते तेव्हा. मग गाळातल्या या दुसऱ्या मंडळींचा हंगाम सुरू होतो.