घावनाचा युरोपीय पूर्वज?

रत्नागिरीच्या घावनाला हल्ली सर्रास ‘कोकणी पॅनकेक’ म्हटले जाते. हंगेरीची ‘पालाचिंता’ दिसायला तशीच. पण ती गव्हाचे पीठ, दूध व अंड्याची, आत जर्दाळूचा मुरंबा भरून गुंडाळलेली. तिचे नाव लॅटिन ‘प्लाकेंता’वरून आले. गंमत अशी, की रोमन लेखक केटोने इ. स. पू. १६०च्या सुमारास नोंदवलेली प्लाकेंता चीज-मधाच्या थरांची होती. शब्द टिकला, पदार्थ पालटला.

गोव्याच्या अळेबेळ्यात मैद्याच्या आवरणावर पोर्तुगीज छाप दिसते. सारण मात्र नारळ-गुळाचे.

घावनाला असा पूर्वज जोडणे ओढूनताणून होईल. भाताच्या मुलखातले न आंबवलेले तांदळाचे पीठ, बिडाचा तवा, तेल फिरवायला नारळाची शेंडी. गौरीच्या नैवेद्यातही गोडवा आत भरत नाहीत. घाटले शेजारच्या वाटीत असते.