चलच्चित्र आणि हिमक्रीडेचें शिक्षण

विद्या गुरुमुखांतून घ्यावी, असा जुना संकेत आहे. परंतु देहाच्या कांहीं विद्या मुखानें सांगून संपत नाहींत. त्या डोळ्यांनीं पाहाव्या लागतात. एका फळीवर दोन्ही पाय जखडून बर्फाच्या उतारावरून सुसाट यावें आणि उंचवट्यावरून उडून हवेंत गिरकी घ्यावी, ही ‘स्नोबोर्डिंग’ची विद्या त्यांतलीच. ती चित्रफिती पाहून शिकण्याची रीत अगदीं आजची आहे, असें पुष्कळांना वाटतें. इतिहास मात्र निराळें सांगतो.

१८७८ सालीं कॅलिफोर्नियांत एडवर्ड मायब्रिज यानें दौडत्या घोड्याचीं क्रमवार छायाचित्रें घेतलीं. घोड्याचे चारी पाय क्षणभर भूमीपासून सुटतात, हें त्यांवरून जगाला दिसलें. उघड्या डोळ्याला जें निसटतें तें यंत्राला सांपडतें, हें तेथें सिद्ध झालें. याच गोष्टीचा उपयोग जर्मनींतील भूगर्भशास्त्रज्ञ डॉ. आर्नोल्ड फांक यानें १९२० सालच्या आपल्या स्की-विषयक बोलपटपूर्व चित्रपटांत केला. आल्प्स पर्वतांतील सांक्ट आंटोन गांवचा विख्यात शिक्षक हानेस श्नायडर त्यांत होता. कॅमेरा नेहमींपेक्षां वेगानें फिरवून घेतलेलें दृश्य पडद्यावर मंद दिसतें. त्यामुळें श्नायडरचे वांकलेले गुडघे आणि दबलेलें अंग प्रेक्षकाला सावकाश न्याहाळतां आलें. पुढें १९२५ सालीं दोघांनीं अशा फितींतील चित्रमालिकांसह पाठ्यपुस्तकही काढलें.

श्नायडर १९३८ सालीं नाझींच्या कैदेंत पडला आणि १९३९ सालीं अमेरिकेंत न्यू हॅम्पशायर संस्थानांत येऊन शिकवूं लागला. स्कीला असे गुरु लाभले. फळीला ते लाभले नाहींत. १९६५ सालीं मिशिगनमधील शेर्मन पॉपेन यानें मुलींसाठीं दोन स्की जोडून एक फळी केली. १९७७ सालीं व्हर्माँटमध्यें जेक बर्टन कार्पेंटर सुधारलेल्या फळ्या बनवूं लागला. पण बहुतेक स्की-केंद्रांनीं या नव्या मंडळींना आपल्या उतारांवर बंदी केली. जेथें शाळाच नाहीं, तेथें शिक्षक कोठून असणार? तीं पोरें एकमेकांना पाहूनच शिकलीं.

१९८३ सालीं व्हर्माँटमधील स्ट्रॅटन या केंद्रानें फळीवाल्यांना दार उघडलें. त्याच वर्षीं फ्रान्समध्यें ‘अपोकॅलिप्स स्नो’ हा लघुपट निघाला आणि रेजी रोलां याच्या करामती पाहून युरोपांतील अनेक तरुण या खेळाकडे ओढले गेले. त्या दशकांत घरोघरीं व्हिडिओ-कॅसेट आली. चित्रपटगृहांतील फीत प्रेक्षकासाठीं थांबत नसे. ही थांबवितां, उलटवितां, पुन्हां पुन्हां लावतां येऊं लागली. १९९८ सालीं नागानो येथें हा खेळ ऑलिंपिकांत आला. २००५ सालीं यूट्यूब निघाल्यावर तर धडे मोल न देतां मिळूं लागले.

तथापि या शिक्षणांत एक धोका आहे. गिरकीचा वेग फळी बर्फ सोडण्यापूर्वींच खांदे, कंबर आणि फळीची कड यांच्या साहाय्यानें मिळवावा लागतो. एकदां आधार सुटला कीं अंग आंखडून फेर जलद करतां येतो, परंतु नवा रेटा मिळत नाहीं. नवशिक्याची दृष्टि मात्र हवेंतील चमत्कारावर खिळते आणि तो उडाल्यानंतर फिरूं पाहतो. मग पडतांना हात पुढें होतो व मनगट मोडतें. नवशिक्यांत ही दुखापत फार आढळते. शिक्षक असता तर त्यानें पहिल्याच उडीला चूक दाखविली असती. एकलव्याच्या मातीच्या द्रोणाप्रमाणें चित्रफीतही शिष्याकडे पाहूं शकत नाहीं.

म्हणून शहाणे शिष्य आतां स्वतःची उडी फोनवर टिपतात, ती मंद करून धड्याशेजारीं ठेवतात आणि बर्फ सुटण्याच्या आधींचा क्षण शोधतात. शंभर वर्षांपूर्वीं फांकनें दृश्य मंद केलें तें याचसाठीं. पाहणाऱ्यानें डोळे दिपवून न घेतां कारण पाहावें, हाच त्या धड्याचा हेतु होता.