मीटरवर १२ व्होल्ट, पंखा बंद

शुक्रवार, संध्याकाळी ७.३० : पुणे, स्वारगेटचा सिग्नल. मे महिना. दहा वर्षं वापरलेल्या पेट्रोल हॅचबॅकचा एसी गाडी उभी राहिली की कोमट हवा फेकतो, पळू लागली की पुन्हा गार. ‘गॅस कमी झाला असेल, सोमवारी बघू.’ गॅस कमी असता, तर पळत्या गाडीतही गारवा कमीच पडला असता. रेडिएटरचा पंखा फिरत नव्हता, म्हणून एसीचा कंडेन्सर तापत होता.

शनिवार, सकाळी ८.३० : कात्रजचा बोगदा मागे पडला. ताशी ऐंशीच्या वेगात समोरचा वाराच पंख्याचं काम करतो. काटा मधोमध.

८.५५ : खेड शिवापूरचा टोलनाका. रांगेत काटा वर सरकला. रांग सुटली, खाली आला. गाडीतले निवांत.

१०.१० : खंबाटकी घाट. पुढे ट्रक, पहिला गिअर, एसी चालू, आत पाच माणसं. तापमानाचा लाल दिवा लागला. चालकाने गाडी कडेला घेऊन लगेच इंजिन बंद केलं, हे चांगलं केलं. इथवर नुकसान शून्य.

११.१५ : सुरूर फाट्याजवळचं एक गॅरेज. मेस्त्रीने पंख्याचं कनेक्टर काढलं, एसी लावायला सांगितला आणि टर्मिनलला मीटर लावला : १२ व्होल्ट. कनेक्टर परत दाबून बसवलं, फ्यूजबॉक्समधला रिले बदलला आणि पंखा घर्रकन फिरला. “साहेब, रिले गेला होता.” पैसे देऊन मंडळी निघाली. ज्या रिलेतून १२ व्होल्ट पुढे येत होते तोच गेला होता का, हे कोणीच विचारलं नाही. पंखा फिरला होता तो कनेक्टर हलल्यामुळे.

दुपारी १.४० : वाईत जेवण उरकून पसरणी घाट. शनिवारची गर्दी, मुंगीच्या पावलांनी चाललेली रांग. पंखा सुरुवातीला फिरत होता. मग कनेक्टरमधला जळका जोड तापला, पुन्हा सुटला.

१.५५ : काटा लाल पट्ट्यात. “पाचगणी आलीच, वर जाऊन बघू.” सगळ्यात महागडं वाक्य हेच.

२.०५ : झाकणाच्या दाबामुळे कूलंट १२० अंशांच्या आसपासही तग धरतं, ती हद्दही ओलांडली. टाकीच्या झाकणातून वाफ आणि हिरवं पाणी बाहेर.

२.१० : काटा खाली आला! गाडीत हायसं वाटलं. प्रत्यक्षात सेन्सरपाशी कूलंटच उरलं नव्हतं. सेन्सर पाण्याचं तापमान नीट मोजतो. नुसत्या वाफेत त्याचं सांगणं भरवशाचं नाही.

२.२० : इंजिन खडखडलं, ओढ गेली, बंद पडलं.

५.०० : टोचन करून गाडी वाईत. इथल्या वायरमनने मीटर बाजूला ठेवला आणि त्याच टर्मिनलला हेडलाइटचा बल्ब लावला. बल्ब जेमतेम लाल झाला. मीटर जवळजवळ करंट ओढतच नाही, वायरची एखादी तार शाबूत असली तरी त्याचं भागतं. पंख्याला मात्र १५ अँपिअरच्या आसपास लागतात. कनेक्टर उघडलं तर प्लास्टिक तपकिरी होऊन फुगलेलं, आणि वायर टर्मिनलमध्ये दाबलेली असते तिथे तांबं काळं पडून तारा सैल. पंख्याची मोटर बॅटरीवर थेट लावून पाहिली तेव्हा फिरली, पण जड. बेअरिंग कोरडी पडली की मोटर जास्त करंट ओढते आणि जोड त्यामुळेच जळतो. नुसतं कनेक्टर बदललं असतं, तर नवंही जळलं असतं. त्याने जळका भाग कापला, तेवढ्याच जाडीच्या वायरीचं नवं कनेक्टर नीट क्रिम्प केलं, मोटरही बदलली. तासाभराचं काम.

सोमवार : हेड उतरवलं. गॅस्केट दोन सिलिंडरांच्या मध्ये फुटलेलं, ऑइलमध्ये पाणी मिसळून दुधाळ झालेलं. हेडवर सरळपट्टी ठेवून फीलर गेज सरकवला. बहुतेक छोट्या इंजिनांत ०.०५ मिलिमीटरच्या आसपास फट चालते, इथे त्याहून जास्त होती. हेड फेसिंगला गेलं.

घाटाला निघण्याआधी गाडी सुरू करून एसी लावा आणि बॉनेट उघडून, हात लांब ठेवून, पंखा फिरतो का ते पाहा. फिरत नसेल आणि मेस्त्री मीटरवरचे १२ व्होल्ट दाखवत असेल, तर त्याला बल्ब लावायला सांगा.